अर्ज आपला, बोटं कुणाची?

माझ्या फुफेरी बहिणीच्या पोटगीच्या अर्जात एक वाक्य होतं: ‘अर्जदार सध्या स्वखुशीने माहेरी राहात आहे.’ आपा असं कधीही म्हणाली नव्हती. नवऱ्याने तिला दोन लेकरांसह रात्री साडेदहाला घराबाहेर काढलं होतं आणि हेच तिने वकिलांना, त्यांच्या मदतनीसाला आणि टायपिस्टला सांगितलं होतं. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

तालुक्याच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली दोन-तीन टायपिस्ट बसलेले असतात. वकिलांचं कच्चं टिपण घेऊन आम्ही त्यातल्या एकाकडे गेलो. त्याने कॉम्प्युटरवर कुठला तरी जुना अर्ज उघडला, नावं, वय, पत्ता बदलला आणि मधला मजकूर बराचसा तसाच ठेवला. त्याची नजर पूर्ण वेळ कीबोर्डवर होती. एक वाक्य टाइप व्हायचं, मान वर, मग पुन्हा खाली. मागे आठ-दहा माणसं उभी. “सही करा, साहेब उठतील,” तो म्हणाला. मी नावं तपासली, रक्कम तपासली, मुलांची वयं तपासली. चौथा परिच्छेद वाचलाच नाही. आपा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तिने सही केली.

पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी तेच वाक्य मोठ्याने वाचलं. पत्नी पुरेशा कारणाशिवाय नवऱ्यासोबत राहायला नकार देत असेल, तर तिला पोटगी मिळत नाही, असं त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्येच लिहिलेलं होतं. आता त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे, पण ही अट कायम आहे. म्हणजे ‘स्वखुशीने’ हा एक शब्द आपाच्या सगळ्या म्हणण्याला छेद देत होता. दुरुस्तीचा अर्ज, त्यावर म्हणणं, मग पुन्हा तारीख. या एका शब्दाने सात महिने खाल्ले. त्या सात महिन्यांत मुलांची फी कुणी भरली आणि आपाने किती घरांची शिलाई केली, ते इथे सांगत बसत नाही.

चूक टायपिस्टची होती, पण त्याहून जास्त ती माझी होती. माझ्या मनाला जे लागलं ते वेगळंच. मी इंजिनिअर. पोट कीबोर्डवर चालतं. त्या शेडखाली मी त्या माणसाला म्हणू शकलो असतो, “भाऊ, जरा उठा, मी करतो.” म्हटलं नाही, कारण मला मराठीत एक ओळ टाइप करता येत नव्हती. इंग्रजीतही मी दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी, कळा शोधत टाइप करायचो. चार वर्षं कॉलेज, नऊ वर्षं नोकरी. या तेरा वर्षांत मला कुणी टायपिंग शिकवलं नाही आणि मलाही ते शिकावंसं वाटलं नाही. टायपिंग म्हणजे क्लार्कचं काम, अशी माझी समजूत होती.

हा लेख त्या समजुतीविरुद्ध आहे. माझं म्हणणं साधं आहे: मराठी बोलणाऱ्या प्रत्येक मुस्लिम तरुणाने, आणि त्याहून आधी प्रत्येक तरुणीने, न बघता मराठी टायपिंग शिकावं. हे चार महिन्यांचं काम आहे, फुकट होतं आणि घरी होतं. आपल्या चळवळीने ते कार्यक्रम म्हणून हाती घ्यावं.

आधी ‘न बघता’ या शब्दाबद्दल. न बघता टाइप करणं म्हणजे नुसता वेग, असं आपल्याला वाटतं. १८८८ साली अमेरिकेत सिनसिनाटी शहरात टाइपरायटरची एक गाजलेली स्पर्धा झाली. ती फ्रँक मॅकगुरिनने जिंकली. तो सॉल्ट लेक सिटीचा, कोर्टातलं बोलणं लघुलिपीत टिपून घेणारा माणूस. सगळ्या कळांच्या जागा त्याच्या बोटांना पाठ होत्या, त्यामुळे त्याची नजर सतत समोरच्या कागदावर असायची. त्या दिवसानंतर या पद्धतीचा बोलबाला झाला. मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगाची वाटत नाही, नजरेची वाटते. ज्याची नजर कळांवर अडकलेली असते, तो आपण काय लिहितोय ते वाचत नाही आणि समोर कोण बोलतंय तेही बघत नाही. आपाच्या अर्जात नेमकं हेच झालं. बोटं मोकळी असतील तर डोळे वाक्यावर राहतात आणि ‘स्वखुशीने’ हा शब्द पडद्यावर उमटताक्षणी खटकतो.

मी सुरुवात इंग्रजीपासून केली, कारण रोजचं काम त्याच भाषेत होतं. ‘क्लावारो’ नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते विंडोजवर चालतं, लिनक्सवरही चालतं आणि जुन्या कॉम्प्युटरवरसुद्धा कुरकुर करत नाही. नाव एस्परांतो भाषेतलं आहे, त्याचा अर्थच कीबोर्ड. त्यात चार टप्पे आहेत: आधी कळांची ओळख, मग बोटांना वळण लावणारा सराव, मग वेग आणि शेवटी अखंड परिच्छेदांची सलग लय. केटच, टिप्प-टेन अशी आणखीही मोफत साधनं आहेत. लहान मुलांसाठी टक्स टायपिंग आहे. त्यात पडद्यावरून अक्षरं घेऊन मासे खाली येतात आणि बरोबर कळ दाबली की पेंग्विन तो मासा गिळतो. माझा सात वर्षांचा भाचा त्यावरच शिकला.

पहिल्या आठवड्यात माझी अवस्था वाईट होती. माझा चार बोटांचा वेग मिनिटाला पस्तीस शब्दांच्या आसपास होता, तो बारावर आला. ऑफिसात ईमेल लिहिताना घाम फुटायचा. करंगळीला ‘ए’ची कळ सापडेना आणि अनामिका काहीही काम करायला तयार नव्हती. इथेच बहुतेक जण सोडतात. आपल्याला जे थोडंफार येतं ते मोडून नव्याने शिकणं अंगावर येतं. कोऱ्या पाटीवर शिकणं त्याहून सोपं असतं. म्हणून मी तरुणांना सांगतो, वाईट सवय लागायच्या आत शिका. मला जुन्या वेगावर परत यायला नऊ आठवडे लागले. त्यानंतर तो वेग कधी मागे पडला ते कळलंही नाही.

या सॉफ्टवेअरचा मोठा गुण म्हणजे ते कंटाळत नाही. एकच चूक शंभर वेळा केली तरी शंभर वेळा तीच कळ पुन्हा समोर ठेवतं. कुणाचं आडनाव विचारत नाही. मुलगी एवढा वेळ कॉम्प्युटरपुढे का बसलीय असंही विचारत नाही. कोणतं बोट कुठे जायला हवं ते चित्रात दाखवतं आणि अचूकता किती टक्के, वेग किती ते लगेच सांगतं. एक उणीवही आहे. तुम्ही खाली बघताय की नाही, ते त्याला दिसत नाही. मी दोन आठवडे स्वतःलाच फसवलं. मग एके रात्री अम्मीने माझी धडपड बघितली आणि आपला दुपट्टा माझ्या दोन्ही हातांवर टाकला. “अब देख क्या देखता,” ती म्हणाली. ती युक्ती आजही आमच्या वर्गात चालते.

आणखी दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. एक, वेगाच्या मागे लागू नका. आधी अचूकता पंच्याण्णव टक्क्यांच्या वर न्या, वेग आपोआप मागून येतो. चुकीचं वळण बोटांत बसलं की ते काढायला दुप्पट दिवस जातात. दोन, रोज वीस मिनिटं बसा. रविवारी तीन तास बसून उपयोग नाही. ही डोक्याने पाठ करायची गोष्ट नाही, हाताला सवय लागायची गोष्ट आहे. वजूचे टप्पे आठवून आठवून करावे लागत नाहीत, हात आपोआप पुढे जातो. तसंच हे आहे. आज मला कुणी ‘म’ची कळ कुठे असं विचारलं तर सांगता येत नाही, बोट हवेत हलवून बघावं लागतं.

मग मराठी. इथे माझी खरी पंचाईत झाली, कारण मराठीत टाइप करायच्या पद्धती बऱ्याच आहेत. आपल्यातले बहुतेक जण फोनवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात, किंवा रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवतात. गप्पांना ते ठीक आहे. दुसरी पद्धत जुन्या टाइपरायटरची, रेमिंग्टनची. तिच्यात अक्षर डोळ्याला जसं दिसतं तसं दाबायचं, म्हणजे ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग क. जुने टायपिस्ट याच पद्धतीने शिकले. तिसरी पद्धत इन्स्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ती आणली आणि १९९१ साली ती भारतीय मानक ब्युरोच्या मानकात आली. ती विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आधीपासूनच असते. भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडलं की झालं. विकत काही घ्यावं लागत नाही.

मी इन्स्क्रिप्ट निवडलं आणि तेच सुचवतो. तिची रचना इतकी सरळ आहे की मला प्रोग्रामर म्हणूनही तिचं कौतुक वाटलं. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांश उजव्या हाताला. क ची कळ शिफ्टसह दाबली की ख, त ची दाबली की थ, द ची दाबली की ध. ळ हवा असेल तर ल ची कळ शिफ्टसह. अक्षर जसं उच्चारतो त्याच क्रमाने दाबायचं: आधी व्यंजन, मग मात्रा. ‘मुस्लिम’ शब्दाला सात कळा लागतात आणि एकदाही शिफ्ट लागत नाही. देशातल्या इतर लिप्यांसाठीही कळांची मांडणी हीच आहे. त्यामुळे मराठी शिकलात की हिंदी आपोआप येते आणि सोलापूर, अक्कलकोटकडच्या ज्या मुलांना कन्नड वाचता येतं, त्यांना कन्नड टायपिंगही जवळजवळ फुकट मिळतं.

पहिल्या धड्यात फक्त मधली ओळ शिकवतात. डाव्या हाताखाली ओ, ए, पाय मोडायची कळ, इ आणि उ. उजव्या हाताखाली प, र, क, त, च, ट. एवढ्या अकरा कळांत कोणते शब्द बसतात ते मी एका रात्री कागदावर मांडत होतो. पोट, रोप, चित्र, कुत्रे, पुरे. आणि मग ‘कोर्ट’. कोर्ट हा शब्द पहिल्याच धड्यात टाइप करता येतो. दुसऱ्या धड्यात वरची ओळ आली की ‘पोटगी’ येते, ‘हक्क’ येतो, ‘तक्रार’ येते. ‘अर्ज’ लिहायला मात्र शिफ्ट शिकावं लागतं. मी तो कागद जपून ठेवला आणि पुढे आमच्या वर्गाचे धडे त्यावरूनच बनवले. तयार धड्यांमध्ये अर्थ नसलेली अक्षरं असतात, किंवा कुणाच्या तरी बागेचं वर्णन असतं. आमच्या धड्यांत रहिवासी दाखला, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, मेहर, निकाहनामा, खावटी, वारस नोंद असे शब्द आहेत. जे शब्द आयुष्यात लागणार, तेच बोटांना आधी कळावेत.

वर्ग म्हणजे काय, तर आमच्या गल्लीतल्या वाचनालयाची मागची खोली, पाच जुने लॅपटॉप आणि रविवारची दुपार. बाकीच्या दिवशी मुलं आपापल्या वेळेला येऊन वीस मिनिटं बसतात. सुरुवातीला सहा मुलगे आणि दोन मुली होत्या. आज अकरा मुली आहेत आणि मुलगे चार. मुलगे गॅरेजला, बेकरीला, मोबाइलच्या दुकानात कामाला लागतात आणि यायचे थांबतात. मुली थांबत नाहीत. एका मुलीच्या अब्बांनी मला मशिदीबाहेर गाठून विचारलं, “बेटा, मुलींना टायपिंग कशाला? नोकरी थोडीच करायचीय त्यांना.” मी म्हटलं, “चाचा, तुमचा घरकुलाचा अर्ज कोण लिहितं?” ते म्हणाले, “तो सेतूजवळचा पोरगा, शंभर रुपये घेतो.” मी पुढे काही बोललो नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांची मुलगी वेळेच्या आधी आली.

नोकरीचं म्हणाल, तर तोही मुद्दा आहेच. राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी पदवीबरोबर टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं: मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी मिनिटाला ४० शब्द. त्यासाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शासकीय टंकलेखन परीक्षा घेते. ही अट ज्यांना माहीतच नसते अशी पदवीधर मुलं आपल्या वस्त्यांत मला दर महिन्याला भेटतात. बीए झालं, लेखी परीक्षेचा अभ्यास केला आणि प्रमाणपत्रापाशी गाडी अडली. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिलं होतं की लोकसंख्येत मुस्लिम १३.४ टक्के असताना सरकारी नोकऱ्यांत त्यांचा वाटा ४.९ टक्के आहे. या दरीमागे गरिबी आहे, शाळागळती आहे, भेदभावही आहे. टायपिंगने ती दरी भरून येईल असं मी म्हणत नाही. पण ज्या पायरीवर आपण स्वतःच्या बेफिकिरीने अडखळतो, तिच्याबद्दल तरी दुसऱ्याला दोष देता येत नाही. एक सूचना मात्र करतो: परीक्षेला बसण्याआधी त्या त्या जाहिरातीत कोणता कळफलक चालतो ते नीट वाचा आणि त्याप्रमाणे सराव करा.

प्रमाणपत्रासाठी क्लास लावावा लागतो आणि तिथेही डोळे उघडे ठेवा. आमच्या वर्गातल्या एका मुलीने आधी एका संस्थेत सहा महिने फी भरली होती. तिथे हजेरी लागायची, कॉम्प्युटर क्वचित मिळायचा आणि कळांवर अक्षरांचे स्टिकर चिकटवलेले होते. बघून टाइप करायची सवय तिथेच पक्की झाली. आमच्याकडे आल्यावर ती सवय मोडायला तिला दोन महिने लागले. ती रडली, चिडली, पण टिकली. आज तिच्याकडे प्रमाणपत्र आहे. नोकरी अजून नाही. ती पुन्हा परीक्षेला बसतेय.

आता एक आक्षेप, जो माझ्या ऑफिसातले मित्रही घेतात. “आता बोललं की फोन लिहून घेतो. एआय अर्ज तयार करून देतो. टायपिंग शिकून काय करायचं?” मी स्वतः याच धंद्यात आहे, त्यामुळे या साधनांची ताकद मला माहीत आहे. मीही ती वापरतो. पण दोन गोष्टी विचारात घ्या. पहिली, आपली घरं. दहा बाय बाराची खोली, त्यात सासू, दीर, मुलं, शेजारची खाला. जिला नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार लिहायची आहे, ती फोनला मोठ्याने काय सांगणार? ती बोलू शकत नाही म्हणूनच तिला लिहायचं आहे. कीबोर्ड आवाज न करता ऐकून घेतो. आमच्या वर्गातल्या एका बाईने आपलं चार पानी निवेदन असंच, वर्गात बसून, कुणाला न सांगता टाइप केलं. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट अशी की तयार मजकूर देणारं यंत्र आणि कोर्टाबाहेरचा टायपिस्ट यांच्यात मला एक साम्य दिसतं. दोघेही जुन्या अर्जांवरून नवा अर्ज बनवतात. नेहमी जे लिहिलं जातं तेच ते पुढे सरकवतात. आपली हकीकत नेहमीसारखी नसेल, तर ती त्या साच्यात हरवते. यंत्राचा मसुदा घ्या, जरूर घ्या. पण त्यातलं प्रत्येक वाक्य खोडून आपलं वाक्य लिहिण्याची ताकद हातात असू द्या. ज्याला दुरुस्त करायला वेळ लागतो, तो दुरुस्त करत नाही. तो मान हलवतो, मी हलवली तशी.

टायपिंग शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं जगात सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे ‘मेव्हिस बीकन’. ते १९८७ साली अमेरिकेत बाजारात आलं. खोक्यावर एका काळ्या स्त्रीचा फोटो होता, नीटनेटका पोशाख, चेहऱ्यावर आत्मविश्वास. लाखो मुलांना ती खरीखुरी शिक्षिका वाटायची. मेव्हिस बीकन नावाची बाई मुळात नव्हतीच. नाव कंपनीने रचलेलं आणि फोटो हैतीत जन्मलेल्या एका तरुणीचा. काळ्या बाईचा फोटो असलेलं खोकं दुकानात ठेवायला सुरुवातीला काही विक्रेते नाखूश होते. पण ते खपलं आणि कॉम्प्युटर शिकवणारी व्यक्ती अशीही दिसू शकते, हे एका पिढीने बघितलं. मला आमच्या वर्गातल्या मुली बघून याची आठवण होते. त्यांच्यातली दोघीजणी आता नव्या मुलांना शिकवतात. हिजाब घातलेली एक एकोणीस वर्षांची मुलगी तिच्याहून मोठ्या मुलाला सांगते, “खाली बघू नकोस, अचूकता आधी.” तो मुकाट्याने ऐकतो. या दृश्याची किंमत मी प्रमाणपत्रात मोजत नाही.

आपली चळवळ लिखित शब्दावर उभी आहे, हे विसरून चालणार नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तेव्हा मागण्या तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्धच्या होत्या. सात बायका, एवढीच संख्या. पण त्यांनी आपलं म्हणणं सरकारपुढे मांडलं, म्हणून ते इतिहासात राहिलं. दलवाईंनी आपलं लेखन मराठीत केलं, कारण ज्या समाजात राहतो त्या समाजाशी त्याच्याच भाषेत बोलायला हवं, ही त्यांची भूमिका होती. आज आपली तरुण मुलं मराठीत भाषण करतात, रील बनवतात, छान बोलतात. लिहायची वेळ आली की मात्र “भाई, तू टाइप करून दे ना” असा निरोप येतो. म्हणणं आपलं आणि बोटं दुसऱ्याची, हे किती दिवस चालणार?

माहितीच्या अधिकाराचंच उदाहरण घ्या. २००५ चा कायदा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत करायचा असतो, फी दहा रुपये. वस्तीतल्या गटारीचं टेंडर कुणाला गेलं, उर्दू शाळेतली शिक्षकांची किती पदं रिकामी आहेत, शिष्यवृत्ती कुठे अडकली, हे सगळं विचारता येतं. मिनिटाला तीस शब्दांच्या वेगाने दीडशे शब्द पाच मिनिटांत होतात. पाच मिनिटं आणि दहा रुपये. आमच्या वर्गाची परीक्षा हीच असते: खऱ्या प्रश्नावर, पाच मिनिटांत, एक खरा अर्ज. चांगला झाला तर तो तसाच पाठवतो.

शेवटी, आपल्या संस्थांना आणि देणाऱ्या हातांना एक विनंती. रमजानमध्ये आपल्याकडे शिलाई मशीन वाटपाचे कार्यक्रम होतात, फोटो छापून येतात. शिलाई मशीनने अनेक घरं तगली आहेत. माझ्या आपाचं घरही त्या सात महिन्यांत त्याच मशीनवर तगलं. म्हणून मशीन देऊ नका असं मी म्हणणार नाही. पण पाच मशीन देताना त्यांच्याबरोबर एक वापरलेला लॅपटॉपही द्या, मोहल्ल्याच्या वाचनालयाला किंवा अभ्यासिकेला. इन्स्क्रिप्ट त्यात आहेच. क्लावारो फुकट आहे. शिकवणाऱ्याला फार काही यायला लागत नाही, दुपट्टा टाकता आला आणि धीर धरता आला की पुरे. धडे कमी पडले तर आपल्या वस्तीतले शब्द घेऊन स्वतः बनवा.

आमच्या वर्गात एकच कडक नियम आहे. दुसऱ्या कुणाचा अर्ज टाइप केला, तर प्रिंट काढण्याआधी तो त्या माणसाला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचा आणि प्रत्येक परिच्छेदानंतर विचारायचं, “तुम्ही असंच म्हणालात ना?” मागच्या महिन्यात वर्गातली एक मुलगी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या खालाला विधवा पेन्शनचा अर्ज वाचून दाखवत होती. तिसऱ्या परिच्छेदावर खालाने तिला थांबवलं. म्हणाली, “नाही बेटी, मुलगा सांभाळतो असं मी नाही म्हटलं.” मुलीने ते वाक्य काढलं, खालाने सांगितलं तसं लिहिलं, पुन्हा वाचलं. तेवढ्याला दीड मिनिट लागलं असेल. मी घड्याळ बघत होतो आणि मला आपाचे सात महिने आठवत होते.